ग्रामसंघाचा जोखीम प्रवणता निधी : नऊ वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात आमचे गाव आहे. येथील महिला बचत गटांचा ग्रामसंघ २०१५ साली स्थापन झाला आणि पुढच्या वर्षी त्याचा जोखीम प्रवणता निधी वापरात आला. या निधीतून मी स्वतः तीन वेळा रक्कम घेतली आणि तिन्ही वेळा ती पूर्ण फेडली. गेली पाच वर्षे आमच्या गटाचे हिशेब मीच लिहीत असल्यामुळे इतर घरांनी हा पैसा कसा वापरला, कोणाला तो वेळेवर मिळाला आणि कोणाच्या तो उपयोगी पडला नाही, हेही मला जवळून पाहायला मिळाले आहे. पंखा, मिक्सर किंवा मोबाइल घेताना वापरणाऱ्यांचे अनुभव वाचायला मिळतात. पण ज्या व्यवस्थेवर गरीब घराचे उभे राहणे किंवा बसणे अवलंबून असते, तिच्याविषयी वापरणाऱ्याने लिहिलेले फारसे सापडत नाही. आपल्या गावात असा निधी सुरू करू पाहणाऱ्या किंवा असलेला निधी सुधारू पाहणाऱ्या भगिनींना उपयोग व्हावा, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी हा निधी म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. महाराष्ट्रात 'उमेद', म्हणजे राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान, २०११ मध्ये सुरू झाले. दहा-बारा बायकांचा एक गट, गावातील सर्व गटांचा मिळून ग्रामसंघ आणि अनेक ग्रामसंघांचा मिळून प्रभागसंघ, अशी त्याची रचना आहे. गटाला फिरता निधी मिळतो, ग्रामसंघामार्फत समुदाय गुंतवणूक निधी मिळतो आणि या दोन्हींचा रोख शेळीपालन, शिलाई, किराणा अशा कमाईच्या कामांकडे असतो. जोखीम प्रवणता निधीचे काम मात्र वेगळे आहे. आजारपण, मृत्यू, घरात धान्य संपणे, आग, पूर अशा प्रसंगी घराला तातडीने हात देणे एवढ्यासाठीच तो ठेवलेला असतो. अभियानाकडून मिळालेल्या मूळ रकमेत आमच्या ग्रामसंघाने स्वतःची भर घालायचे ठरवले आणि प्रत्येक सभासद महिन्याला दहा रुपये या खात्यात वेगळे देते. हे दहा रुपये बचतीत धरले जात नाहीत आणि गट सोडताना परतही मिळत नाहीत, याची सुरुवातीला बरीच कुरकुर झाली होती.

'जोखीम प्रवणता' हा शब्द आमच्या बैठकीत कोणी उच्चारत नाही. बायका याला 'अडीनडीचा पैसा' म्हणतात. मला स्वतःला हे गावचे नाव अधिक नेमके वाटते, कारण गरिबी आणि अडीनड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या गावात तीन एकर कोरडवाहू जमीन, एक गाय आणि दोन धडधाकट माणसे असलेले घर कोणी गरीब मानत नाही. ते घर पोटभर जेवते, मुले शाळेत जातात, दिवाळीला कपडे होतात. पण त्याच घरातला कर्ता माणूस आठ दिवस दवाखान्यात पडला आणि त्याच महिन्यात पावसाने खंड दिला, की वर्षभरात ते घर बसते. 'घर बसलं' हा आमच्याकडचा शब्द आहे. भिंत बसावी तसे घर बसते आणि पुन्हा उभे राहायला दहा वर्षे लागतात. राजस्थान, गुजरात आणि आंध्र प्रदेशातील खेड्यांमध्ये अनिरुद्ध कृष्णा या अभ्यासकाने कोणती घरे गरिबीत घसरली आणि का, याची घरोघर चौकशी केली होती. त्यात आजारपण आणि त्यावरचा खर्च हे घसरणीच्या सर्वांत मोठ्या कारणांपैकी एक म्हणून पुढे आले. हे वाचले तेव्हा मला त्यात नवीन काही वाटले नाही, कारण आमच्या गल्लीतली घरे मी त्याच कारणाने बसताना पाहिली होती.

म्हणून अशा निधीची पारख व्याजदरावरून करू नये, असे माझे ठाम मत आहे. मी दोनच गोष्टी पाहते. आघात झाल्यापासून किती वेळात पैसा घरात आला, ही पहिली. आणि परतफेड घरात कमाई असलेल्या महिन्यात मागितली की नसलेल्या, ही दुसरी. आम्ही गावात असतो तेव्हा आमचा निधी पहिल्या कसोटीला पूर्ण उतरतो. दुसऱ्या कसोटीला तो अर्धाच उतरतो आणि त्याची कारणे पुढे येतील.

पहिल्या कसोटीचा माझा अनुभव २०१७ चा आहे. त्या वर्षी जूनमध्ये पेरण्या झाल्या आणि जुलैपासून मराठवाड्यात पावसाने मोठी उघडीप दिली. सोयाबीन वीतभर वाढून माना टाकू लागले होते. खत-बियाण्यासाठी गटाकडून घेतलेले कर्ज डोक्यावर होते आणि माझे डोरले आधीच्याच वर्षी गहाण पडले होते. अशात आमच्या मालकांना ताप आला, चौथ्या दिवशी रक्तातल्या पेशी उतरल्या आणि तालुक्याच्या गावातील एका खासगी दवाखान्यात भरती करण्यासाठी आठ हजार रुपये आगाऊ मागितले. घरात होते तेवीसशे. मी ग्रामसंघाच्या अध्यक्ष मावशींच्या दारात गेले, तेव्हा त्या भांडी घासत होत्या. त्यांनी हात पुसले आणि दुसरा एकही प्रश्न न विचारता सचिवांना हाक मारली. पेटीला तीन कुलपे आहेत आणि तीन किल्ल्या तिघींकडे असतात; कोषाध्यक्ष त्या दिवशी माहेरी गेल्या होत्या, पण जाताना किल्ली अध्यक्षांच्या स्वाधीन करून, तशी नोंद वहीत करून गेल्या होत्या. मोबाइलच्या उजेडात पेटी उघडली. दोऱ्याने बांधलेली नोटांची पुडकी बाहेर आली. त्यात दहाच्या आणि वीसच्या नोटा जास्त होत्या, कारण ते दरमहा दहा रुपयांचे जमलेले पैसे होते. पाच हजार मोजून व्हायला बराच वेळ लागला. वहीत नोंद झाली : 'रात्री ९.४०, तापाचा आजार, रु. ५,०००, अंगठा/सही.' ती नोंद आजही वहीत आहे आणि हिशेब लिहिताना ते पान उलटले की माझा हात क्षणभर थांबतो.

बाकीची रक्कम भावाने दिली आणि मालक सहाव्या दिवशी घरी आले. कोणी म्हणेल की पाच हजारांनी काय होते. या रकमेचे खरे मोल दवाखान्याच्या पावतीवर दिसत नाही. आमच्या दावणीला त्या वेळी सात महिन्यांची गाभण गाय होती आणि एक व्यापारी तीन दिवस घिरट्या घालत होता. पाऊस लांबला की सगळेच जनावरे विकायला काढतात, नेकनूरच्या बाजारात जनावरांची गर्दी होते आणि भाव कोसळतात. पाऊस पडून हिरवा चारा झाला की सगळेच घ्यायला निघतात आणि तेच जनावर दीडपट किमतीला मिळते. म्हणजे अडचणीत विकणारे घर विकतानाही मार खाते आणि पुन्हा घेतानाही मार खाते, आणि मधल्या काळात त्याची रोजची कमाई बंद असते ती वेगळीच. आमची गाय दावणीला राहिली, ती पुढे व्याली आणि त्या वर्षी सोयाबीनचा उतारा निम्म्यावर आला असताना दर दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या बिलावर आमचे घर चालले. गाय विकली असती तर आम्ही दोघे त्या दसऱ्याला पुन्हा कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर गेलो असतो आणि मोठ्या मुलीची दहावी सुटली असती. पाच हजार रुपयांनी हे थांबवले.

परतफेडीचा नियमही त्या प्रसंगी नीट लागू पडला. पहिले तीन महिने हप्ता नाही आणि व्याजही नाही. चौथ्या महिन्यापासून दहा हप्ते आणि शेकडा एक व्याज. ऑगस्टमध्ये घेतलेल्या रकमेचा पहिला हप्ता नोव्हेंबरमध्ये, सोयाबीन विकल्यावर आला. हा नियम आमच्या ग्रामसंघाने २०१६ च्या एका लांबलेल्या बैठकीत ठरवला होता. 'दवाखान्यातून आलेल्या माणसाला महिनाभर काम जमत नाही, मग त्याच्याकडे हप्ता मागायचा कोणत्या तोंडाने,' असे एका म्हाताऱ्या सभासदाने विचारले होते आणि त्यावर कोणाकडेही उत्तर नव्हते. बाहेरून आलेल्या कोणत्याही माहितीपत्रकात हा नियम नव्हता आणि माझ्या मते या निधीतली सर्वांत शहाणी गोष्ट हीच आहे.

गावात उपलब्ध असलेल्या इतर पर्यायांशी तुलना केल्याशिवाय हे परीक्षण अपुरे राहील. सावकार रात्रीही पैसे देतो, हे मान्य केले पाहिजे. पण शेकडा पाचच्या खाली बोलत नाही, म्हणजे वर्षाला मुद्दलाच्या साठ टक्के, आणि त्याच्याकडे गेल्याची बातमी सकाळपर्यंत गावभर होते. सोने गहाण ठेवण्याचा मार्ग स्वस्त पडतो, पण त्यासाठी सोने असावे लागते आणि तालुक्याचे दुकान उघडे असावे लागते. बँकेचे गटकर्ज सर्वांत स्वस्त असते. राष्ट्रीय अभियानाच्या योजनेत महिला गटांना तीन लाखांपर्यंत सात टक्क्यांनी कर्ज मिळते आणि आमच्या गटाने त्याचा चांगला लाभ घेतला आहे. मात्र गटकर्ज हे ठराव, कागद आणि मंजुरी यांतून येते. ते शेळ्या घ्यायला उत्तम आहे, तापाने फणफणलेल्या माणसाला गाडीत घालताना त्याचा उपयोग नाही.

आणि मग आहे फायनान्स. आमच्याकडे लघुवित्त कंपन्यांना सरसकट याच नावाने ओळखतात. त्यांचा माणूस घरी येतो, पाच बायका एकमेकींना जामीन राहतात, चार-सहा दिवसांत खात्यावर तीस-चाळीस हजार जमा होतात. एवढी रक्कम इतक्या लवकर देणारे गावात दुसरे कोणी नाही, म्हणून बायका तिकडे वळतात; त्यांना दोष देणे मला पटत नाही. अडचण हप्त्याची आहे. हप्ता आठवड्याला असतो आणि आमची कमाई आठवड्याला नसते. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये असा नियम केला की कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मिळून मासिक हप्ते त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक असू नयेत. नियम चांगला आहे. परंतु कोरडवाहू शेती आणि ऊसतोड यांवर जगणाऱ्या घराचे 'मासिक उत्पन्न' कसे काढायचे? वर्षाची रक्कम बाराने भागली तर कागदावर दरमहा उत्पन्न दिसते. प्रत्यक्षात जून ते सप्टेंबर हे चार महिने घरात फक्त खर्च असतो.

आमच्या निधीची मर्यादा मला सर्वांत स्पष्ट दिसली ती २०२२ साली, माझ्या जाऊबाईंच्या घरी. त्यांची बैलजोडी आहे आणि ते दोघे बैलगाडीने ऊस वाहतात. त्या वर्षी लम्पी या जनावरांच्या त्वचारोगाची साथ आली आणि ऑक्टोबरच्या आरंभी त्यांचा उजवीकडचा बैल गेला. मुकादमाकडून, म्हणजे ऊसतोडीची टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, हंगामाची उचल (आगाऊ रक्कम) घेऊन ती खर्चही झाली होती, म्हणजे कारखान्यावर जाणे भाग होते आणि एका बैलाने गाडी चालत नाही. ग्रामसंघाने त्याच दिवशी दहा हजार दिले, कारण एव्हाना मर्यादा पाचवरून दहा हजारांवर नेली होती. जोडीला शोभेल असा बैल पंचेचाळीस हजारांना होता आणि तोही मिळणे कठीण होते, कारण साथीमुळे जनावरांचे बाजार बंद होते आणि वाहतुकीवर बंदी होती. लम्पीने दगावलेल्या बैलासाठी राज्य शासनाने पंचवीस हजारांची मदत जाहीर केली होती आणि ती त्यांना मिळालीही, पण ती खात्यावर आली तेव्हा टोळी कारखान्यावर पोचून दीड महिना झाला होता. मधली खिंड जाऊबाईंनी फायनान्सच्या पैशाने भरून काढली.

पुढचे पाच महिने हप्ता वसूल करणारा माणूस दर बुधवारी त्यांच्या घरी येई. घरात होत्या आमच्या सत्तरीच्या सासूबाई आणि दोन नातवंडे. सासूबाई ओट्यावर बसून राहत आणि 'पोरं कारखान्यावर आहेत, पट्टा पडला की देतील,' एवढेच सांगत. पट्टा पडणे म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणे. तो मुलगाही गरीब घरचाच असावा. तो उद्धट बोलला नाही, पण संध्याकाळपर्यंत उठलाही नाही. तिसऱ्या बुधवारी सासूबाईंनी पोत्यातली बाजरी विकून हप्ता दिला. त्यानंतर जाऊबाईंनी फोनवरून पुन्हा निधीकडे मागणी केली आणि कारण लिहिले 'आजारपण'. आजारी कोणी नव्हते, हे आम्हा सर्वांना माहीत होते. मी ती नोंद लिहिली. चुकीचे कारण लिहिणे ही हिशेबनिसाची चूक आहे आणि ती मी पुढच्या बैठकीत उघडपणे मांडली. त्यावर ग्रामसंघाने फायनान्सचे हप्ते भरण्यासाठी निधी देऊ नये असा ठराव केला. मला हा ठराव तेव्हाही अपुरा वाटला आणि आजही वाटतो, कारण त्यामुळे गरज कमी झाली नाही, फक्त ती सांगण्याची वाट बंद झाली. बैल मरणे हा आमच्या भागात घर बसण्याचा सरळ मार्ग आहे. निधीच्या नियमात मात्र तो एखाद्या किरकोळ नुकसानीच्या रांगेत बसतो.

आता या निधीच्या मुख्य दोषाकडे येते. गटाची आणि ग्रामसंघाची सगळी घडी नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि चोख हिशेब या पंचसूत्रीवर बसवलेली आहे. ही सूत्रे उत्तम आहेत, पण बायका वर्षभर गावात राहतात हे त्यांनी गृहीत धरले आहे. आमच्या गावातली निम्म्याहून अधिक घरे दसरा-दिवाळीला गाव सोडतात आणि पट्टा पडल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे जाते, कोणी सोलापूर-पुण्याकडे, कोणी थेट कर्नाटकात बेळगावकडे. या सहा महिन्यांत आमच्या बैठकीला चार-पाच बायका उरतात. मूल्यांकनाच्या तक्त्यात उपस्थितीचे रकाने रिकामे दिसतात, गटाची श्रेणी घसरते आणि पुढच्या निधीवर त्याचा परिणाम होतो. ज्या कारणाने हे घर जोखमीत आहे, त्याच कारणासाठी त्याचे गुण कापले जातात.

मी स्वतः आठ हंगाम कोयता चालवला आहे, म्हणून हे थोडे खोलात लिहिते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल दोघांच्या नावाने, हिशेब दोघांचा. पहाटे चारला थंडीत फडात उतरायचे, दिवसभर तोडायचे, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि ती फार मोठी सोय झाली, यात शंका नाही. पण बाई आजारी पडली तर जोडीतला गडी एकटा फार तोडू शकत नाही, आणि दोघे थांबले की मुकादम खाडा लावतो. खाडा म्हणजे न केलेल्या कामाची मजुरी बुडतेच, वर त्या दिवसाचा दंड उचलीतून कापला जातो. म्हणजे दवाखान्याचे बिल बाराशे आणि चार दिवसांचा खाडा धरून नुकसान पाच-सहा हजारांचे. बायका यामुळेच अंगावर दुखणे काढतात, बाळंतपणानंतर पंधराव्या दिवशी फडात उभ्या राहतात आणि पुढे आयुष्यभर त्याची किंमत मोजतात.

आमच्या निधीचा नियम काय सांगतो? दवाखान्याची पावती दाखवा, तेवढी रक्कम घ्या. म्हणजे बाराशे. खाड्याची पावती कोणी देत नाही, म्हणून तो खर्चच नाही. नऊ वर्षांत या निधीने दिलेल्या रकमा मी वहीत पाहते, तेव्हा हिवाळ्यातली पाने जवळजवळ कोरी आहेत. हिवाळ्यात आमच्या बायका आजारी पडत नाहीत असे त्याचे कारण नाही. त्या काळात पेटी गावात असते आणि बायका तीनशे किलोमीटरवर कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत असतात, एवढेच.

२०२० नंतर आम्ही यात थोडी सुधारणा केली. गावात राहणाऱ्या दोघींना हंगामापुरता निर्णयाचा अधिकार दिला, रक्कम बँक सखीमार्फत (गावात बँकेचे व्यवहार करून देणारी बाई) थेट सभासदाच्या खात्यावर पाठवण्याची सोय केली आणि सहा महिन्यांची बचत उचल हातात आल्यावर आगाऊ जमा करून घेण्याची पद्धत सुरू केली. ही शेवटची पद्धत सोयीची आहे, पण ती मला खटकते. उचल हे स्वतःच कर्ज असते, म्हणजे बाई कर्जातून बचत करते. तरीही ती बंद करावी असे मी म्हणणार नाही, कारण त्या बचतीमुळे तिचे नाव वहीत चालू राहते आणि नाव चालू राहिले की अडीनडीला हक्काने मागता येते. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दरमहा दीड हजार रुपये सुरू झाले, तेव्हा आमच्या गटाने त्यातून बचत दुप्पट केली आणि आगाऊ बचतीचा प्रश्न निदान आमच्यापुरता सुटला.

आणखी एक उणीव आहे आणि ती मान्य करताना मला त्रास होतो. गावातल्या सर्वांत अडचणीच्या घरांपर्यंत हा निधी पोचत नाही. महिना शंभर रुपये बचत ज्यांना जमत नाही, त्या बायका गटात येत नाहीत, किंवा येऊन दोन-तीन हप्ते चुकले की स्वतःहून बाजूला होतात. त्यांना कोणी काढत नाही. त्या बैठकीला यायचे सोडतात, कारण सगळ्यांसमोर 'या महिन्याला नाही' असे म्हणणे त्यांना जड जाते. गटाबाहेरच्या घरालाही एका सभासदाच्या जबाबदारीवर रक्कम देता येईल असा नियम आमच्या ग्रामसंघात आहे, पण तो जवळजवळ कोणी वापरला नाही. कोणाची जबाबदारी घ्यायची, हा प्रश्न आला की आम्ही सगळ्या गप्प होतो. वस्तीवरच्या एका एकट्या राहणाऱ्या आजींसाठी आम्ही मूठभर धान्य योजना सुरू केली आहे. प्रत्येकीने बैठकीला येताना एक मूठ ज्वारी किंवा तांदूळ आणायचा. ते धान्य निधीतून जात नाही, त्याचा हप्ता नाही, आणि ती पिशवी आजींच्या दारात ठेवायला कोणी जायचे यावरून मात्र कधी वाद होत नाही.

हा निधी एकटा पुरत नाही, हेही स्पष्ट करते. घरात धान्य संपल्याचे कारण सांगून रक्कम घेणारी घरे अलीकडे फार थोडी आहेत आणि त्याचे श्रेय रेशनला आहे. अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला महिन्याला पस्तीस किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पोटाची चिंता तेवढी कमी झाल्यामुळेच आमचा छोटा निधी आजारपणाकडे वळू शकला. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार आहे. पण तिच्यात यादीतल्या उपचारांचा खर्च बसतो. गाडीभाडे, सोबत राहणाऱ्याचे जेवण, बाहेरून आणलेली औषधे आणि बुडालेला रोज हे घरालाच सोसावे लागते. आमच्या दहा हजारांची जागा नेमकी तेथे आहे आणि तेथे ते चोख काम करतात.

परतफेडीविषयी बाहेरच्या लोकांना नेहमी शंका असते. माझ्या पाच वर्षांच्या लेखनात उशीर पुष्कळदा झाला आहे. रक्कम पूर्ण बुडाल्याचे प्रसंग दोन आहेत आणि दोन्ही घरांत कर्ता माणूस गेला होता. त्या दोन्ही रकमा ग्रामसंघाने ठराव करून माफ केल्या. मला वाटते, ज्या निधीत एकही रक्कम बुडत नाही, तो निधी खऱ्या अडचणीतल्या घरापर्यंत जातच नसावा.

नव्याने निधी सुरू करणाऱ्या ग्रामसंघांना माझे सांगणे असे की पेटीत थोडी रोख नक्की ठेवा, सगळी बँकेत ठेवू नका. तीन किल्ल्यांची माणसे गावात राहणारी निवडा. आणि पहिल्या तीन महिन्यांत हप्ता मागू नका. आमच्या निधीला मी पाचपैकी साडेतीन गुण देते. जो दीड गुण कापला, त्यातला एक हिवाळ्याचा आहे आणि अर्धा वस्तीवरच्या घरांचा.

घटस्थापनेच्या आधी, टोळ्या निघण्यापूर्वीची ग्रामसंघाची मोठी बैठक आहे. तिच्यासाठी ठरावाचा मसुदा मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला आहे : 'ऊसतोडीच्या हंगामात सभासद किंवा तिच्या जोडीदाराच्या आजारपणामुळे अथवा बाळंतपणामुळे पडलेला खाडा हा जोखमीचा प्रसंग मानावा. त्यासाठी दवाखान्याच्या पावतीची अट नसावी. टोळीतील दुसऱ्या सभासद महिलेचा फोनवरील शब्द पुरावा म्हणून ग्राह्य धरावा. रक्कम त्याच दिवशी पाठवावी आणि पहिला हप्ता पट्टा पडून घरी आल्यानंतरच्या महिन्यात घ्यावा.' सूचक म्हणून माझी सही झाली आहे. अनुमोदक म्हणून जाऊबाई सही करणार आहेत.